फितीला नजर लागत नाही

दादरच्या एका बँकेच्या शाखेत मी काउंटरवर बसायचो तेव्हाची गोष्ट. युनियनचं पत्रक आलं होतं : दोन दिवस काळ्या फिती लावून काम. सकाळी आमचा प्रतिनिधी एका जुन्या पाकिटात वीतवीतभर काळ्या रिबिनीचे तुकडे आणि सेफ्टी पिनांची माळ घेऊन आला. शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या पोरांसारख्या आम्ही त्या एकमेकांच्या दंडाला लावून दिल्या. अकराच्या सुमाराला पासबुक भरून घ्यायला एक आजी आल्या. दर महिन्याच्या. त्यांनी पासबुक पुढे सरकवलं, माझ्या दंडाकडे पाहिलं, पासबुक पुन्हा मागे ओढलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "कोण गेलं हो तुमच्यातलं?"

"कोणी नाही गेलं, आजी. नऊ जणांचं काम आम्ही पाच जण करतोय. माणसं भरत नाहीत, म्हणून लावलीय."

"हात्तिच्या! मला वाटलं मॅनेजरसाहेब गेले."

मॅनेजरसाहेब केबिनमध्ये चहात बिस्कीट बुडवत होते. आमच्या फिती त्यांनी पाहिल्या की नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही. दोन दिवसांत माझ्या खिडकीवर जेवढी माणसं आली त्यांतल्या दुसऱ्या एकानेही कारण विचारलं नाही. विचारणाऱ्या आजी एकट्याच, आणि त्यांनाही ते सुतकच वाटलं.

या प्रसंगावर आम्ही बरेच दिवस हसलो. पण "संप कशाला करता? काळ्या फिती लावून काम करा की!" हे वाक्य कानावर पडलं की मला हटकून त्या आजी आठवतात. मुंबईत हे वाक्य दर संपाला ऐकू येतं. बेस्टच्या बस आगारात उभ्या राहिल्या की, निवासी डॉक्टर ओपीडी सोडून बाहेर आले की, शिक्षकांनी पेपर तपासायला नकार दिला की, लोकलच्या डब्यात कोणीतरी ते म्हणतोच. म्हणणारा दुष्ट नसतो. त्याला मस्टर गाठायचं असतं, त्याच्या आईचं ऑपरेशन पुढे ढकललेलं असतं. मात्र हा सल्ला फुकटचा नाही, असं माझं म्हणणं आहे. जो दुसऱ्याला संपाऐवजी फीत लावायला सांगतो, त्याच्या डोक्यावर एक कर्ज चढतं : त्या फितीकडे बघायचं आणि तिला उत्तर द्यायचं. या शहरातल्या प्रशासनांनी आणि आपण गिऱ्हाइकांनी मिळून ते आजवर बुडवलेलं आहे.

आधी त्या काळ्या रंगाचं पाहू. आजींची चूक झाली असं मला वाटत नाही, तरी त्यात एक गंमत आहे. आपल्याकडे काळा हा मुळात शोकाचा रंग नव्हेच. मंगळसूत्रातले मणी काळे, संक्रांतीची चंद्रकळा काळी, बाळाच्या गालावरची तीट काळी. सुतकात माणसं पांढऱ्यात जातात. दंडाला काळी पट्टी बांधून दुःख सांगायची रीत इंग्रजांच्या लष्करातून आणि त्यांच्या शिष्टाचारातून आली. गणवेशातल्या माणसाला शोकासाठी कपडे बदलता येत नाहीत, म्हणून त्याने डाव्या बाहीवर काळ्या क्रेपची पट्टी चढवायची. आपण ती उचलली आणि साहेबावरच उलटवली. ३ फेब्रुवारी १९२८ रोजी सायमन कमिशन मुंबई बंदरात उतरलं तेव्हा त्याच्या स्वागताला हरताळ होता आणि काळे झेंडे होते. शोकाचा रंग निषेधाचा झाला तो असा.

आपला स्वतःचा, इंग्रजांच्या आधीचा काळा पट्टा म्हणजे दंडातला काळा दोरा. तो कशासाठी? नजर लागू नये म्हणून. आणि ही काळी फीत कशासाठी? कोणाची तरी नजर जावी म्हणून. एकाच जागी, एकाच रंगाचं सूत, आणि दोघांचं काम बरोबर उलटं. दोऱ्याचा गुण येतो की नाही यावर लोक भांडतील. फितीचा येत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

दंड ही जागाही मोठी बोलकी आहे. मराठीत खांदा आणि कोपर यांच्या मधला भाग तो दंड, काठी म्हणजेही दंड, आणि सरकार वसूल करतं तोही दंडच. भांडणाला उभं राहायचं तर दंड थोपटायचे. हाताच्या या वीतभर जागेवर माणसानं काय काय बांधलं आहे! बायकांच्या वाक्या, बाजूबंद. मूर्तींच्या हातांवर कोरलेली केयूरं. पेटीतला मंतरलेला ताईत. कोहिनूर आपण मुकुटातला हिरा म्हणून ओळखतो, पण रणजितसिंहांनी १८१३ मध्ये शाह शुजाकडून तो मिळवला आणि पुढे बाजूबंदात जडवून दंडावर मिरवला. पंजाब खालसा झाल्यावर लॉर्ड डलहौसीनं तो कमरपट्ट्यात शिवून लाहोरहून जातीनं मुंबईला आणला, आणि ६ एप्रिल १८५० रोजी 'मेडिया' नावाच्या जहाजातून तो इथूनच विलायतेला गेला. राजाच्या दंडावरून उतरलेली सत्ता आपल्या बंदरातून बोटीत चढली, असं म्हणायला हरकत नाही.

साहेबाच्या राज्यात दंडाचा आणि छातीवरच्या पट्ट्याचा दुसराच उपयोग सुरू झाला. मुंबई इलाख्यात कचेरीतल्या शिपायाला पट्टेवाला म्हणत; जुन्या कचेऱ्यांत अजून म्हणतात. उत्तरेकडे त्याच माणसाच्या पट्ट्यावरच्या पितळी बिल्ल्याला चपरास म्हणत आणि त्यावरून तो चपरासी झाला. दोन्ही शब्दांत माणूस कुठेच नाही, नुसती वस्तू आहे. पट्टा ज्याचा, हुकूम त्याचा. अंगात घालणारा फक्त खुंटी. रेल्वे स्टेशनावरच्या हमालाचा लाल सदरा आणि दंडावरचा पितळी बिल्ला त्याच घराण्यातला. लहानपणी बोरीबंदरला गाडीतून उतरलो की आई सामान हमालाच्या डोक्यावर चढवतानाच आम्हा पोरांना सांगायची, "बिल्ला नंबर लक्षात ठेवा रे." त्याचा चेहरा लक्षात ठेवा असं ती कधी म्हणाली नाही.

आणि आता गणपतीत या. एरवी सोसायटीच्या मीटिंगमध्ये ज्याचं बोलणं कोणी पुरं होऊ देत नाही, असा एखादा तरुण दंडाला 'स्वयंसेवक' लिहिलेली भगवी पट्टी बांधतो आणि नुसता हात आडवा करतो. हजार माणसं थांबतात. बँकेतले अधिकारी थांबतात, वकील थांबतात, मीही थांबलो आहे. त्या पट्टीला कायद्यानं काडीचा अधिकार दिलेला नसतो. तरी अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवर चेंगराचेंगरी होत नाही, याचं थोडं श्रेय त्या पट्ट्यांना आहेच. उगाच नाकारायचं नाही. (दर्शनाच्या रांगेत माणसांना बखोट धरून पुढे ढकलण्याचं श्रेयही त्यांनाच.) तात्पर्य, जी पट्टी आपल्याला अडवू शकते ती मुंबईकराला अर्ध्या मैलावरून दिसते.

जी पट्टी घाबरवते, तीही दिसते. मार्च २०२० आठवा. घरी विलगीकरणात राहायला सांगितलेल्यांच्या डाव्या हातावर शाईचा शिक्का मारायचा निर्णय राज्य सरकारनं घेतला. ती फीत नव्हती, पण काम फितीचंच. दोनच दिवसांत गरीबरथमधल्या चार प्रवाशांच्या हातावरचे शिक्के सहप्रवाशांना दिसले आणि त्यांना पालघरला गाडीतून उतरवण्यात आलं. डब्यात कोणाचं लक्ष नसतं, मुंबईकर मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसतो, ही तक्रार मग मला पटेनाशी झाली. स्वतःच्या जिवाशी गाठ असली की आपल्याला मनगटावरची पुसट शाईसुद्धा वाचता येते.

लादलेल्या खुणेचं टोक यूरोपनं पाहिलं. नाझींनी व्यापलेल्या पोलंडमध्ये १ डिसेंबर १९३९ पासून दहा वर्षांवरच्या प्रत्येक ज्यू माणसाला उजव्या बाहीवर पांढरी पट्टी घालणं सक्तीचं झालं. तिच्यावर निळा तारा, आणि पट्टीची रुंदी किमान दहा सेंटीमीटर. वॉर्सात या पट्ट्या रस्त्यावर विकायला बसलेली माणसं होती. मारणाऱ्यांच्या दंडावर लाल पट्टी, मरणाऱ्यांच्या दंडावर पांढरी. या गोष्टीची तुलना आपल्या बँकेच्या किंवा बेस्टच्या फितीशी करायची नाही, मी करतही नाही. पण एक भेद इथे लख्ख दिसतो : फीत कोणी बांधली यावर तिचा सगळा अर्थ अवलंबून असतो. दुसऱ्यानं बांधली तर ती डाग. आपण होऊन बांधली तर ते बोलणं. आणि बोलणं म्हटलं की ऐकणारा आलाच.

ऐकणाऱ्यावरून मला नेहमी रेड क्रॉसची पट्टी आठवते. १८६४ च्या जिनिव्हा करारानं रणांगणावर जखमींची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी पांढऱ्यावर लाल क्रुसाची दंडपट्टी ठरवून दिली. १९४९ च्या करारात तर तिचा तपशीलच आहे : डाव्या दंडावर, पाण्यानं खराब न होणारी, लष्करी अधिकाऱ्याच्या शिक्क्याची. आता विचार करा, चार बोटं रुंद कापडानं गोळी अडते का? गोळी अडते ती समोरच्या सैनिकाच्या मनात, बंदूक उचलायच्या आधी. आणि तिथे ती आपोआप अडत नाही. त्यासाठी राष्ट्रांना एकत्र बसून करार करावा लागला, तो सैनिकांना शिकवावा लागला, मोडणाऱ्याला शिक्षा ठरवावी लागली. आपल्याकडेही १९६० च्या जिनिव्हा करार कायद्यानं ते चिन्ह भलत्याच कामाला वापरायची बंदी आहे. कापडाच्या पट्टीत बळ येतं ते असं, बघणाऱ्याला बांधून घेतल्यावर. काळ्या फितीच्या बाबतीत आपण लावणाऱ्याला तेवढं बांधून घेतलं. बघणारा मोकळाच राहिला.

इथे कोणीतरी जपान काढणार. काढतोच. मराठी माणसाच्या डोक्यात जपानची एक गोष्ट शाळेपासून बसलेली आहे : जपानमधले कामगार संप करत नाहीत, ते दंडाला काळ्या फिती लावून दुप्पट काम करतात आणि मालकाची पंचाईत करतात. तिचंच भावंड म्हणजे बुटांच्या कारखान्याची गोष्ट. तिथले कामगार म्हणे रागावले की फक्त एकाच पायाचे बूट बनवतात. मी ही गोष्ट गुरुजींकडून ऐकली, नंतर मॅनेजमेंटच्या ट्रेनिंगमध्ये टाय लावलेल्या माणसाकडून ऐकली आणि गेल्या वर्षी रिक्षावाल्याकडून. दुप्पट काम करून केलेला निषेध ही निव्वळ दंतकथा आहे. तीच गोष्ट स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतही 'जपानी संप' या नावानं फिरते, म्हणजे आपण एकटेच भोळे नाही.

खरा जपान फार वेगळा निघतो. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात तिथे संपांची लाट होती. १९७४ मध्ये अर्धा दिवस किंवा त्याहून जास्त चाललेले संप पाच हजारांवर गेले. पुढच्याच वर्षी सरकारी रेल्वेच्या कामगारांनी २६ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर असे आठ दिवस गाड्या बंद पाडल्या. मागणी काय होती, तर आम्हाला संपाचा हक्क द्या! फिती आणि रिबिनीही तिथे आहेत. युनियनचं नाव लिहिलेल्या दंडपट्ट्या आहेत, छातीवर मागणी लिहिलेली रिबीन लावून काम करण्याची पद्धत आहे. पण टोकियोतल्या एका बड्या हॉटेलातल्या कर्मचाऱ्यांनी १९७० मध्ये अशा रिबिनी लावल्या, प्रकरण कोर्टात गेलं, आणि १९८२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कामाच्या वेळात रिबीन लावणं ही युनियनची रास्त कृती नव्हे. म्हणजे ज्या जपानचा दाखला देऊन आपण कामगाराला फीत लावायला सांगतो, तिथे कामगारानं संप केला आणि फितीवर ठपका आला. ही गोष्ट आपल्यात इतकी टिकली कशी? मला वाटतं ती ऐकणाऱ्याला फार सोयीची आहे. कामगारानं रागवावं, पण आपली गाडी चुकू नये.

आपल्या कायद्यानं मात्र फितीला जपानपेक्षा बरी जागा दिली आहे. १९६२ मध्ये बिहारच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलं की सरकारी नोकराला संपाचा मूलभूत हक्क नाही, पण निदर्शनाच्या प्रत्येक प्रकारावर सरसकट बंदी घालता येणार नाही; ती अभिव्यक्ती आहे. मुंबईतल्या लेखा खात्याच्या एका कर्मचाऱ्याच्या खटल्यातही पुढे तीच रेघ ओढली गेली. संप रेघेच्या पलीकडे, शांततेचं निदर्शन अलीकडे. त्यानंतर पलीकडची बाजू अधिकाधिक आवळत गेली. २००३ मध्ये तामिळनाडूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा कायदेशीरच काय, नैतिक अधिकारही नाही असं म्हटलं. २००४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं, घाटकोपरच्या बॉम्बस्फोटानंतर पुकारलेल्या बंदबद्दल शिवसेना आणि भाजपला प्रत्येकी २० लाख रुपये भरायला लावले. अत्यावश्यक सेवांमधल्या संपावर बंदी घालणारा मेस्मा कायदा राज्यात आहेच. संपाआधी चौदा दिवसांची नोटीस ही अट पूर्वी लोकोपयोगी सेवांपुरती होती, ती २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनं सगळ्या औद्योगिक आस्थापनांना लावली.

यातल्या प्रत्येक निर्णयाशी माझं भांडण आहे असं नाही. बंदच्या दिवशी हातावर पोट असलेल्याचं काय होतं ते मी पाहिलं आहे. पण रेघेच्या पलीकडचे रस्ते एकेक करून बुजवले, तर अलीकडचा एकमेव रस्ता चालता ठेवायला नको का? २३ ऑगस्ट २०२४ रोजी बदलापूरच्या प्रकरणावरून पुकारलेल्या महाराष्ट्र बंदला उच्च न्यायालयानं मनाई केली. दुसऱ्या दिवशी उद्धव ठाकरे दादरला शिवसेना भवनापाशी आणि शरद पवार पुण्यात काळ्या फिती लावून बसले. कॅमेरे होते, फिती सगळ्या महाराष्ट्राला दिसल्या. नेत्याची फीत दिसतेच. प्रश्न आहे तो कॅमेरा नसलेल्या दंडाचा. महापालिकेच्या रुग्णालयात रात्रपाळीला चाळीस खाटांमागे एकटी उभी असलेली नर्स फीत लावते, तेव्हा ती कोणाला दिसते? पेशंटला वाटतं गणवेशाचाच भाग असेल.

क्रिकेटमध्ये हे कोडं सुटलेलं आहे, आणि ते फार साध्या रीतीनं. जानेवारी २०१९ मध्ये सिडनीच्या कसोटीत आपल्या खेळाडूंच्या दंडावर काळ्या पट्ट्या होत्या. पहिल्या षटकातच समालोचकानं सांगितलं की आदल्या दिवशी मुंबईत रमाकांत आचरेकर सर गेले. शिवाजी पार्कच्या आसपास कोणाला सांगायची गरज नव्हती, पण ऑस्ट्रेलियातल्या प्रेक्षकालाही कळलं. लतादीदी गेल्या त्या दिवशी, ६ फेब्रुवारी २०२२ ला, अहमदाबादच्या सामन्यातही तसंच. फितीला तिथे तोंड असतं. झिम्बाब्वेचे खेळाडू हेन्री ओलोंगा आणि अँडी फ्लॉवर यांनी १० फेब्रुवारी २००३ ला हरारेत विश्वचषकाच्या सामन्यात झिम्बाब्वेतल्या 'लोकशाहीच्या मृत्यूचा' शोक म्हणून काळी पट्टी लावली, तेव्हा त्यांनीही नुसत्या पट्टीवर भरवसा ठेवला नाही. आधी लेखी निवेदन पत्रकारांच्या हाती दिलं, मग मैदानात उतरले. पट्टी कापडाची होती की चिकटपट्टीची, याला महत्त्व उरलं नाही. ओलोंगाला देश सोडावा लागला. त्याची फीत बरोबर माणसांना दिसली, एवढाच त्याचा अर्थ. (क्रिकेटच्या मालकांना शोक चालतो, मत चालत नाही, तो भाग निराळा. डिसेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उस्मान ख्वाजानं पर्थच्या कसोटीत परवानगी न घेता काळी पट्टी लावली तर त्याला समज मिळाली.)

आता थोडं आमच्याही लोकांना. युनियनवाल्यांनी काळ्या फितीचं हसं करून ठेवलं आहे, हे मान्य केलं पाहिजे. संपाची नोटीस द्यायची म्हणजे आधी फिती, मग दुपारच्या सुट्टीत घोषणा, मग धरणं, असा ठरीव क्रम. लग्नात मुहूर्ताआधी ग्रहमख असतं तसा. आमच्या शाखेत तर कोणत्या मागणीसाठी फीत लावलीय हे लावणाऱ्यांतल्या दोघांना माहीत नव्हतं. मीच एकदा आजूबाजूला विचारून घेतलं होतं. पाच मागण्यांची फीत म्हणजे एकाही मागणीची नाही. शिवाय कारण कुठे लिहायचंच नाही. गिऱ्हाइकाला कळावं कसं? १९६५ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या डे मॉइनमध्ये तेरा वर्षांची मेरी बेथ टिंकर आणि इतर काही मुलं व्हिएतनाम युद्धाविरुद्ध काळी पट्टी लावून शाळेत गेली. शाळेनं आधीच बंदी घातली होती, पोरांना घरी पाठवलं, आणि १९६९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध दोन मतांनी मुलांच्या बाजूनं निकाल दिला. त्या मुलांना फितीचं कारण एका दमात सांगता येत होतं. आम्हा पन्नाशीच्या क्लार्कांना येत नव्हतं.

म्हणून माझी मागणी दोन्हीकडे आहे. फीत लावणाऱ्यानं एका वेळी एकच कारण घ्यावं आणि ते काउंटरवर, वॉर्डच्या दारात, बसच्या दर्शनी काचेवर चार ओळींत, मराठीत लिहून लावावं. आणि नोंदणी झालेल्या संघटनेनं रीतसर कळवून फिती लावल्या, तर चौदा दिवसांच्या आत व्यवस्थापनानं त्या चार ओळींच्या शेजारी स्वतःचं उत्तर लावावं. मान्य असेल तर कधीपर्यंत. नसेल तर का. संपासाठी कामगारानं चौदा दिवस आधी सांगायचं, ही सक्ती आपल्याला वाजवी वाटते. मग फितीला चौदा दिवसांत उत्तर द्यायची सक्ती अवाजवी कशी?

"आणखी एक कागद, आणखी लालफीत," असं कोणी म्हणेल. भीती खोटी नाही. मराठीत फितींची मोठी मौज आहे : मंत्री कापतात ती एक, फायलीला गुंडाळतात ती दुसरी आणि दंडाला बांधतात ती तिसरी. तिसरी बहुतेक वेळा दुसरीत गुंडाळली जाते. पण २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा याच राज्यानं केला. कुठला दाखला किती दिवसांत मिळेल याचा फलक कचेरीत लावायचा, आणि विनाकारण मुदत चुकवणाऱ्या अधिकाऱ्याकडून दंड वसूल करायचा, असं त्यात आहे. नागरिकाच्या अर्जाला मुदत लावता येते, तर त्याच कचेरीतल्या कर्मचाऱ्याच्या अर्जालाही येईल. खिडकीच्या अलीकडच्या माणसाला हक्क आणि पलीकडच्याला नुसती फीत, असा भेद का?

दुसरा आक्षेप डाव्या बाजूचा. तो मला जास्त झोंबतो, कारण तो माझ्या मित्रांचा आहे. ते म्हणतात, कागदी उत्तरांनी कोणाचं भलं झालं? मालक वाकतो तो नुकसानीपुढे, फितीपुढे नाही. तुझा हा फलक म्हणजे संपाचं दार कायमचं बंद करायची युक्ती आहे. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांनी १९०८ मध्ये टिळकांच्या सहा वर्षांच्या शिक्षेसाठी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. फिती लावल्या असत्या तर तो इतिहास झाला नसता. पण याच गिरणगावात १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, नुसता विरून गेला. संप कितीही मोठा असला तरी समोरचा बघायचंच नाही असं ठरवून बसला, तर तोही दिसेनासा होतो. लालबाग-परळच्या टॉवरांतून तो आता कोणाला दिसतो? म्हणून संपाचं दार बंद करा असं मी म्हणत नाही. फितीला वेळेत उत्तर आलं नाही, तर नंतरच्या संपाला "तुम्ही आधी शांतपणे सांगायला हवं होतं" असं म्हणायचा हक्क व्यवस्थापनाला उरू नये, आणि कोर्टानंही ते अनुत्तरित फलक पुरावा म्हणून बघावेत. हे फितीचं बळ वाढवणं आहे. संपाचं असलंच तर त्याने थोडं वाढेल, कमी होणार नाही.

राहिलो आपण, रांगेतले. आपल्यावर कायदा करता येत नाही. नर्सच्या दंडावर फीत दिसली तर "कशासाठी, सिस्टर?" एवढं विचारायला वेळ लागत नाही, तरी विचारवत नाही हे मला ठाऊक आहे. रांग मागे ढकलत असते, केसपेपर हातात घामानं भिजलेला असतो. मी स्वतः निवृत्त झाल्यावर गेल्या पावसाळ्यात एका सरकारी कचेरीत फीत लावलेल्या बाईंसमोर अर्धा तास बसलो, माझं काम करून घेतलं आणि जिना उतरताना आठवलं की विचारलंच नाही. परत वर गेलो नाही. गुडघे दुखतात.

त्या आजी पुढच्या महिन्यात पुन्हा आल्या होत्या. माझ्या दंडावर तेव्हा काही नव्हतं. पासबुक पुढे करता करता त्यांनी आधी काचेतून माझ्या मागच्या रिकाम्या टेबलांकडे नजर टाकली.

"मग? भरली का माणसं?"

"नाही, आजी."

"काही कळवलं तरी का?"

मी त्यांचं पासबुक छपाईच्या मशीनमध्ये सारलं.